काळोखीला भाव देणं थांबवा : पालेभाजी घेणाऱ्या आडतदार-व्यापाऱ्यांना खुलं पत्र

पालेभाजीचे लिलाव करणारे सगळे आडतदार भाऊ, मुंबईला माल भरणारे व्यापारी दादा आणि बाजार समित्यांवर आमच्याच मतांनी निवडून गेलेले संचालक साहेब, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातली शेतकरीण. आमचं दीड एकर ओलिताखाली आहे आणि त्यात वर्षभर पालेभाजीच असते, कोथिंबीर, मेथी, पालक, मधे कधी शेपू. लिलावाला पिकअपबरोबर आमचे हे येतात त्यामुळे तुम्ही मला ओळखत नाही, पण १४ वर्षं झाली, आमच्या नावावर जी जुडी तुमच्या हातात येते ती मी आणि माझ्या जावेने बांधलेली असते. मला तुमच्याशी युरियाबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल ते कृषी खात्याला सांगा, खताच्या दुकानदाराला सांगा, आम्ही तर फक्त माल घेतो. पण मला तुम्हालाच सांगायचंय, कारण पालेभाजीवर शेवटच्या आठवड्यात जो युरिया पडतो तो तुमच्या बोलीसाठी पडतो.

जुडी हातात घेतली की तुम्ही शेंडा बघता आणि रंग बघता. माल काळोखीचा, म्हणजे गर्द हिरवा, असला की शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना, तीनशे-चारशे रुपये वर जातात, जरा पोपटी दिसला की "फिक्का आहे" म्हणून बोली तिथेच थांबते. देठ मोडून बघायला, मुळी बघायला, वास घ्यायला कोणाला टाइम नसतो आणि मी ते समजू शकते, समोर गाड्यांची रांग लागलेली असते, रात्रीत माल मुंबईला पोचवायचा असतो, डोळ्याला जे दिसतं त्यावरच भाव लागणार. पण त्याचा आमच्या वाफ्यात काय परिणाम होतो ते एकदा ऐकून घ्या.

२० गुंठ्यात कोथिंबीर बरी आली तर आमच्याकडे चार हजाराच्या आसपास जुडी निघते, म्हणजे ४० शेकडे. शेकड्याला तीनशे रुपयांचा फरक धरला तर १२,००० रुपये झाले. आणि युरियाची ४५ किलोची गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशाला. डीएपीची गोणी घ्यायला गेलं तर १३५० रुपये लागतात, युरिया सगळ्यात स्वस्त, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पान असं काळंभोर करून दाखवतो की शेजारच्या प्लॉटवाल्यालाही राहवत नाही. मला सांगा, दोन महिन्यांचं घर ज्या मालावर चालवायचंय त्या मालावर २६६ रुपये टाकून १२,००० येणार असतील तर माणूस टाकणारच ना. मी पण टाकलाय. म्हणून तर हे पत्र लिहितेय.

मागच्या श्रावणातली गोष्ट. त्याआधीचा आमचा लॉट फिक्का म्हणून पडला होता, घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. पुढचा २० गुंठ्याचा प्लॉट ३५ दिवसांचा होता, पावसाची झड लागलेली, ऊन नाही, पान थोडं पिवळट दिसत होतं. आधी एक गोणी टाकून झालेली होती तरी आम्ही काढणीच्या सहा दिवस आधी अजून एक अख्खी गोणी फोकली. काय सांगू, पाचव्या दिवशी कोथिंबीर अशी दिसायला लागली की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. लिलावात आमचाच रेट त्या दिवशी वर होता. यांनी येताना पेढे आणले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माल घेतलेल्या व्यापाऱ्याचा फोन आला, अर्धी गाडी तापून गेली, जुडीच्या मधे पाणी सुटलंय, रबडा झालाय, आणि पट्टीतून, म्हणजे आमच्या विक्रीच्या बिलातून, पैसे कापले. आम्ही भांडलो. तेव्हा मला राग आला होता पण आता वाटतं त्याचंही चूक नव्हतं आणि आमचंही एकट्याचं नव्हतं. त्याच दिवशी स्वयंपाकाला म्हणून मी बांधावरच्या, युरिया न पडलेल्या कडेच्या ओळीतली मूठभर कोथिंबीर उपटून आणली होती, ती ओट्यावर तांब्यात तिसऱ्या दिवशीही उभी होती. पान फिक्कं होतं. वास मात्र असा की हात धुतला तरी जात नव्हता.

मग मी हिशोब करायला बसले, जो आधी करायला पाहिजे होता. कोथिंबिरीला उगवून २० दिवस झाले की हेक्टरी ४० किलो नत्र (नायट्रोजन) द्या अशी शिफारस आहे. २० गुंठे म्हणजे ०.२ हेक्टर, म्हणजे नत्र लागतं ८ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम. म्हणजे आमच्या २० गुंठ्याला सगळा मिळून १७-१८ किलो युरिया पुरला असता, अर्धी गोणीसुद्धा लागत नाही, आणि आम्ही दोन गोण्या ओतल्या होत्या. पाचपट. वर वाफ्यात भरपूर शेणखत होतं ते वेगळंच.

आता तो जास्तीचा युरिया जातो कुठे? काही भाग हवेत जातो, आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत युरिया वरवर फोकला आणि लगेच पाणी दिलं नाही तर अमोनिया होऊन उडून जातो, तो उग्र वास सकाळी वाफ्यात गेल्यावर नाकाला येतो. राहिलेल्याचं जमिनीतले जिवाणू नायट्रेट करतात. हे नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, जिकडे पाणी तिकडे ते, म्हणून मोकळं पाणी सोडलं किंवा पाऊस झाला की खाली विहिरीत. आणि जे मुळी ओढून घेते ते पानात येतं. इथे एक गोष्ट आहे जी मला कोणी कधी सांगितली नव्हती. पानात आलेल्या नायट्रेटचं पुढे प्रथिन व्हायला ऊन लागतं. ऊन चांगलं असलं की पान ते पचवतं, ढगाळ हवेत पचवत नाही, नुसतं साठवत राहतं, पानापेक्षा देठात जास्त. म्हणजे पावसाळ्यात जेव्हा पीक पिवळं दिसतं म्हणून आम्ही युरिया मारतो नेमकं तेव्हाच ते त्याला पचत नसतं. पाण्याने फुगलेलं, सालीने पातळ झालेलं पान आम्ही तुम्हाला काळोखी म्हणून विकतो. ते गाडीत तापतं आणि सडतं. असल्या पिकावर मावा ही रस शोषणारी कीडही जास्त येते, मग फवारणी आली, तीही काढणी तोंडावर असताना.

आणि पिवळेपणा दर वेळी नत्राचा नसतोच. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे असं समजावं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ते लोह कमी पडलंय, चुनखडीच्या रानात हे हमखास होतं, तिथे कितीही युरिया टाका. आणि वाफ्यात पाणी साचून मुळीला हवा मिळाली नाही तर सगळंच पिवळं दिसतं, तिथे चर काढून पाणी बाहेर काढणं हाच उपाय. पण तुमच्या एका "फिक्का आहे"मध्ये हे तिन्ही येतं आणि आमच्याकडे त्याचं एकच औषध, गोणी फोडायची.

मेथीचं तर अजून वाईट वाटतं. मेथी शेंगवर्गातली, हरभऱ्याच्या जातकुळीतली. तिच्या मुळीवर गाठी येतात आणि त्या गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र तिला फुकट देतात. मेथी आपण मुळासकट उपटून विकतो, म्हणजे पुरावा जुडीलाच लटकलेला असतो बघा. आता पुढच्या वेळी मेथीची जुडी हातात आली की तिची मुळी झटकून बघा. बारीक बारीक गाठी दिसतील, एक गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी निघाली तर ती काम करत होती. ज्या मेथीला भरमसाठ युरिया दिलाय तिची मुळी गुळगुळीत असेल नाहीतर एखाद-दुसरी पांढरी गाठ असेल, कारण आयतं मिळालं की ती गाठी कशाला धरेल. मी जावेला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, एवढी वर्षं आपण मुळ्या नुसत्या धुतल्या. लिलावात तुम्ही शेंडा बघताय तसं एक नजर मुळीवर टाकली तर कोणता माल कसा पिकवलाय हे अर्ध्या मिनिटात कळेल, त्याला लॅब लागत नाही.

विहिरीचं बोलते आता, कारण माझा जीव तिथे जास्त अडकलाय. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलंय, त्यातली मी एक. नायट्रेटची परीक्षा करायची म्हणजे छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं, पावडर टाकायची, हलवून ठेवायचं आणि रंग चढला की कार्डावरच्या रंगाशी लावून बघायचा. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, त्याच्या वर नाही, आणि त्यात सूट पण नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या पाण्याची बाटली मी हलवून खिडकीत ठेवली आणि ती बघता बघता गडद गुलाबी झाली. मला वाटलं माझंच काही चुकलं म्हणून परत केली. परत तसंच. ज्या विहिरीवर आम्ही एवढी वर्षं ओंजळीने पाणी प्यालो तिची ही गत आमच्याच हाताने झालीय. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांमध्ये नायट्रेट मर्यादेच्या वर निघालंय, वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही नावं त्यात सगळ्यात पुढे आहेत. सगळा दोष पालेभाजीचा नाही, उकिरडे आहेत, सांडपाणी आहे, ऊस-कापूस आहे, हे मला माहितीय. पण ३५-४० दिवसांचं पीक, वर्षातून पाच-सहा वेळा तोच वाफा, दर वेळी दोन गोण्या आणि वरून मोकळं पाणी, आमच्या विहिरीला दुसरं कोण काय करणार होतं?

त्या दिवशी मग मी अजून एक गोष्ट केली. पालकाचे दोन वाफे होते, एकाला कापणीच्या पाच दिवस आधी युरिया दिलेला, दुसऱ्याला २० दिवसांपूर्वीचा. दोन्हीचे मूठ-मूठ देठ घेऊन वेगवेगळे खलबत्त्यात ठेचले, फडक्यातून रस गाळला, आणि एक-एक चमचा रस लिटर-लिटर पावसाच्या पाण्यात टाकून किटने तपासला. हे काही लॅबचं मोजमाप नाही, मी पण तसं म्हणत नाही. पण दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर २० दिवसांवाल्याची फिकट गुलाबी आणि पाच दिवसांवाल्याची विहिरीच्या पाण्यासारखी गडद, हे माझ्या शाळेत जाणाऱ्या पोरालाही ओळखता आलं.

आता इथे कोणी गैरसमज करून घेऊ नका आणि हे पत्र पुढे पाठवून "पालेभाजीत विष" असं काही करू नका, हात जोडून सांगते. पालक-मेथी खाल्लीच पाहिजे, धडधाकट माणसाला भाजीतल्या नायट्रेटने काही होत नाही. जपायचं ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, त्यांच्या दुधाच्या पावडरीत असलं नायट्रेटचं पाणी गेलं तर रक्त प्राणवायू नीट धरत नाही आणि बाळ निळं पडतं, हा खरा धोका. आणि वरचं खायला लागलेल्या बाळासाठी शिजवलेल्या पालकाची पेज बाहेर तासनतास ठेवून परत देऊ नये, ठेवलेल्या भाजीत नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते जास्त वाईट. युरोपात ताज्या पालकाला किलोमागे ३५०० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घालून दिलीय. आपल्या बाजारात नायट्रेटसाठी पालकाची जुडी तपासलेली मी तरी एकदाही बघितली नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या एका बोलीने काय शेती बदलते? दादा, आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांना विचारा. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश निघाला म्हणून अडकली होती, किती घरं त्यात बसली ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. आज तोच बागायतदार फवारणीची वही ठेवतो, काढणीच्या आधी किती दिवस काय मारायचं नाही हे त्याच्या तोंडपाठ असतं, बागेचा नंबर ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या ऑनलाइन नोंदणीत, असतो. हे का झालं, तर घेणाऱ्याने विचारलं म्हणून झालं. आम्हाला पालेभाजीवाल्यांना आजपर्यंत कोणी विचारलंच नाही की बाई, शेवटचा युरिया कधी टाकला होता.

तर मला तुमच्याकडून तेवढंच पाहिजे, तुम्ही विचारायला लागा. जसं विचारता ना, माल सकाळचा काढलाय का दुपारचा, भिजवलाय का कोरडा, तसंच विचारा की शेवटचा डोस किती दिवसांचा. १२ दिवसांच्या आत युरिया टाकलेला नाही असं जो सांगेल त्याचा माल वेगळ्या ओळीत लावा. कोणी खोटं बोलेल, बोलेल की, पहिल्या महिन्यात बोलतील. म्हणून प्रत्येक गाडीतली एक जुडी नाव लिहून बाजूला टांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लिलावाच्या आधी बघा. ज्याची जुडी उभी राहिली त्याला पुढच्या खेपेला शेकड्याला दोनशे रुपये वर द्या, ज्याची वितळली त्याला सांगा का वितळली. तुमचाच माल वाचेल, तुम्हीच तर सांगता की मुंबईला उतरवताना अर्धा माल फेकावा लागतो, तो तोटा तुम्ही आमच्या पट्टीत कापता आणि आम्ही तो भरून काढायला पुढच्या वेळी अजून युरिया टाकतो. संचालक साहेबांनी मनावर घेतलं तर पाण्याच्या किटसारखंच साधं किट बाजारात एका टेबलावर ठेवता येईल, आठवड्यातून एक दिवस जरी तपासणी केली तरी बातमी गावोगाव पोचते, आपल्याकडे रेट पोचतात तशी. आणि एक, फोनवर "माल खराब निघाला" म्हणून पैसे कापताना निदान फोटो पाठवा, म्हणजे आम्हाला कळेल तरी की काय सडलं, देठ का पान.

आम्ही काय करतोय ते पण सांगते, नाहीतर वाटेल ही फक्त दुसऱ्याला शिकवते. आता पेरणीआधी कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड, कोथिंबिरीला २० दिवसांनी मोजून १७ किलो युरिया, तोही ओलीवर टाकून लगेच तुषारने पाणी. २५ दिवसांनी गरज वाटलीच तर १०० लिटर पाण्याला २५० ग्रॅम युरियाची फवारणी, त्यानंतर बंद. पालकाला कापणी झाली की लगेच थोडं थोडं, कापणीच्या तोंडावर नाही. मेथीला आता युरिया नाही म्हटलं तरी चालेल, बियाण्याला जिवाणू खत चोळतो. काढणी शक्यतो दुपारी ऊन खाल्ल्यावर, संध्याकाळच्या लिलावाला ते सोयीचंही पडतं. खर्च कमी झाला, मावा कमी झाला, पण रंग तुम्हाला पाहिजे तसा काळा येत नाही. हिरवा येतो. आणि त्या हिरव्याला गेल्या तीन खेपा तुम्ही फिक्का म्हणून शेकड्याला अडीचशे कमी दिलेत. घरी मला आता विचारतात, अजून किती दिवस हे करायचं. माझ्याकडे उत्तर नाहीये, ते तुमच्याकडे आहे.

येत्या गुरुवारी आमचा २० गुंठ्याचा कोथिंबिरीचा प्लॉट निघतोय. त्यातले दोन वाफे मी मुद्दाम जुन्या पद्धतीने ठेवलेत, सहा दिवस आधी युरिया मारून. त्या जुड्यांना लाल सुतळी बांधेन आणि बाकीच्यांना पांढरी. त्या दिवशी यांच्याबरोबर मी स्वतः येणार आहे. माझी एवढीच विनंती आहे की लाल आणि पांढऱ्या सुतळीच्या दहा-दहा जुड्या तुम्ही तुमच्या गाळ्यावर गोणपाटाखाली ठेवाव्यात, त्यांचे पैसे नकोत मला, आणि शुक्रवारी संध्याकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी त्या सगळ्यांसमोर सोडून बघाव्यात. मी शुक्रवारी पण थांबेन.

आपली,
दीड एकर पालेभाजी करणारी एक शेतकरीण
नाशिक जिल्हा